एक इंजिनाचे विमान, बंद पडलेले इंजिन आणि परत फिरण्याचा मोह

पश्चिमवारा

५ मार्च २०१५ रोजी दुपारी अभिनेते हॅरिसन फोर्ड यांनी कॅलिफोर्नियातील सांता मोनिका विमानतळावरून आपले १९४२ सालचे, उघड्या कॉकपिटचे रायन पीटी-२२ विमान उडवले आणि ते अजून चढत असतानाच इंजिनाची ताकद गेली. त्यांनी टॉवरला तसे कळवून ताबडतोब परतण्याची परवानगी मागितली व डावीकडे वळण घेतले. धावपट्टीपर्यंत पोहोचणे जमणार नाही हे ध्यानात येताच मात्र त्यांनी तो नाद सोडला आणि समोर दिसणाऱ्या पेनमार गोल्फ मैदानावर विमान उतरवले. उतरताना ते एका झाडाच्या शेंड्याला घासले आणि जोरात आपटले. फोर्ड गंभीर जखमी झाले, पण वाचले. जमिनीवरच्या कोणालाही इजा झाली नाही.

बातम्यांत हा अपघात नटाच्या नावामुळे गाजला. मी कॅलिफोर्नियातच हौशी परवान्यावर सेसना १७२ उडवतो, आणि या प्रकरणाचा अहवाल प्रत्येक नव्या वैमानिकाने वाचावा असे मला मनापासून वाटते. इंजिन का थांबले, वळण का पुरे झाले नाही आणि वैमानिकाला नेमकी इजा कशाने झाली, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका उड्डाणात सापडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला असे आढळले की कार्ब्युरेटरमधील (हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागातील) इंधन मोजून सोडणारी मुख्य जेट, म्हणजे बारीक छिद्राची तोटी, आट्यांतून सैल होऊन निघाली होती. त्यामुळे मिश्रणात इंधन प्रमाणाबाहेर वाढले आणि इंजिन बसले. कार्ब्युरेटरची पूर्ण दुरुस्ती सुमारे १७ वर्षांपूर्वी झाली होती आणि त्यानंतर या जेटची तपासणी कधी करावी याविषयी देखभालीच्या सूचनांत काहीच नव्हते. खांद्यावरचे पट्टे आसनाच्या पाठीला आधाराची पट्टी न लावता जोडलेले होते, त्यामुळे आपटताना ते टिकले नाहीत व इजा वाढली.

इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली येते, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात सेसना १७२ सारखे साधे विमानही इंजिनाविना १ फूट खाली येताना सुमारे ९ फूट पुढे जाते. जमिनीपासून ३,००० फुटांवर इंजिन थांबले, तर वारा नसताना सुमारे ८ किलोमीटरच्या परिघातील कोणत्याही जागेपर्यंत पोहोचता येते आणि हाताशी जवळजवळ चार मिनिटे असतात. त्यासाठी वेग मात्र नेमका ठेवावा लागतो. १७२ एस या प्रकारासाठी, विमान पूर्ण भरलेले असता, तो ६८ नॉट (ताशी सुमारे १२६ किलोमीटर) आहे. जागा लांब वाटू लागली की हात आपोआप नाक वर ओढतात. त्याने विमान आणखी लांब जाईल असे वाटते, पण घडते उलटेच, कारण वेग घटतो, उतार तीव्र होतो आणि पुढे स्टॉल, म्हणजे पंखांनी विमान पेलणे सोडण्याची स्थिती, उभा असतो.

खरी कठीण वेळ उड्डाणानंतरच्या पहिल्या मिनिटाची असते. फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनच्या उड्डाण-पुस्तिकेत एक हिशेब दिला आहे, तो मी जसाच्या तसा सांगतो. समजा, ३०० फुटांवर इंजिन थांबले आणि वैमानिकाने धावपट्टीकडे परत फिरायचे ठरवले. काय झाले हे उमगायला ४ सेकंद गेली. सेकंदाला ३ अंश या प्रमाणित गतीने वळल्यास १८० अंशांना पूर्ण एक मिनिट लागते. ६५ नॉट वेगाला त्या वळणाची त्रिज्या सुमारे २,१०० फूट होते, म्हणजे वळण संपले तेव्हा विमान धावपट्टीच्या ४,२०० फूट बाजूला असते. धावपट्टीकडे तोंड करायला आणखी ४५ अंश हवेत. एकूण ७९ सेकंद झाली. मिनिटाला १,००० फूट या दराने तेवढ्यात १,३१६ फूट उंची गेली. आपल्याकडे ३०० फूट होते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. हा निर्णय हवेत घ्यायचा नसतो. तो धावपट्टीच्या टोकाशी, ब्रेक दाबलेले असतानाच घेऊन ठेवायचा असतो. रन-अप, म्हणजे उड्डाणापूर्वीची इंजिनाची चाचणी, संपला की मी तो मोठ्याने उच्चारतो: चाके जमिनीवर असताना इंजिन अडखळले तर थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी कळ) मागे आणि ब्रेक, चाके जमिनीवरून उचलली गेली आहेत पण समोर धावपट्टी उरली आहे तर तिच्यावरच, त्यापुढे १,००० फुटांपर्यंत नाक खाली आणि समोरच्या डाव्या-उजव्या तीस अंशांत जी जागा दिसेल ती. शेजारी प्रवासी असेल तर त्यालाही हे ऐकवतो. काहींना ते अशुभ वाटते. मला ते पट्टा बांधण्याइतकेच आवश्यक वाटते.

आपल्यापैकी कोणी प्रशिक्षण घेत असल्यास, किंवा विमानाच्या देखभालीत असल्यास, अवश्य लिहावे.

नीराकाठ

पश्चिमवारा, लेख आवडला. मी वैमानिक नाही. आमची शेती बारामती आणि इंदापूरच्या सीमेवर आहे आणि प्रशिक्षणाची विमाने दिवसभर आमच्या डोक्यावरून जातात. २५ जुलै २०२२ रोजी आमच्या तालुक्यातील कडबनवाडीच्या शिवारात असेच एक विमान शेतात कोसळले होते. आत एकटीच प्रशिक्षणार्थी मुलगी होती आणि ती सुदैवाने बचावली. तेव्हापासून हा विषय आमच्यासाठी परका राहिलेला नाही.

आपण गोल्फ मैदानाचे उदाहरण दिले, परंतु आमच्याकडे अशी मोकळी जागा कोठून मिळणार? वरून सपाट दिसणारे रान जवळून पाहिले तर दर एकरा-दोन एकरांवर बांध, मध्ये चारी, कोपऱ्यात विहीर किंवा शेततळे, आणि पंपाला वीज नेणारी तार, जी वरून दिसतच नसावी. अशा वेळी उभ्या उसात उतरावे की नांगरलेल्या रानात? आणि असे विमान जवळ उतरलेच, तर आम्ही गावकऱ्यांनी नेमके काय करावे?

पश्चिमवारा

नीराकाठ, पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आम्हाला शिकवतात की तार शोधू नका, खांब शोधा. दोन खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहेच असे धरून चाला. एकाकी घर किंवा विहिरीवरची खोली दिसली तरी तेच, कारण तिथवर वीज कोठून तरी गेलेली असते. नांगरलेल्या रानात सऱ्यांना आडवे कधीही उतरू नये. नाकाचे चाक सरीत अडकून विमान उलटते. सऱ्यांच्या दिशेने उतरल्यास, वारा थोडा बाजूचा असला तरी, चालते. दाट वाढलेले मका किंवा गव्हासारखे पीक वेग शोषून घेते आणि विमानाचे नुकसान झाले तरी आतील माणसे वाचू शकतात, असे पुस्तिका सांगते. उसाविषयी तीत काही नाही. तरीही बांधांनी चिरलेले रान आणि सलग उसाचा फड यांतून एक निवडायचे झाले तर मी फडाकडे जाईन, मात्र शेंड्यांशी भिडेपर्यंत वेग शक्य तितका कमी करून, आणि शेंड्यांनाच जमीन मानून.

यामागचे गणित मोठा दिलासा देणारे आहे. ताशी ५० मैल वेगाचे विमान ९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या नऊ पट) इतक्या सारख्या अवरोधाने थांबवायला सुमारे साडेनऊ फूट पुरतात. वेग दुप्पट असेल तर साडेसदतीस फूट लागतात. सुटायला शंभर एकरांचे मैदान लागत नाही. कमी वेग आणि तो हळूहळू खाणारे काहीतरी मध्ये असणे लागते. पंख, चाके, शेपूट हे सर्व त्या कामी खर्ची घालायचे असते. वाऱ्याचे महत्त्वही यातच आहे. टेकताना हवेतील वेग ५० नॉट असेल आणि वारा १० नॉटचा असेल, तर समोरून वारा घेतल्यास जमिनीवरचा वेग ४० होतो आणि पाठीवर घेतल्यास ६०. वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने दुसऱ्या बाबतीत जिरवायची ऊर्जा सव्वादोन पट होते.

ध्रुवमत्स्य

मी पिस्टन इंजिनांच्या देखभालीचे काम करतो, त्यामुळे कारणांविषयी थोडे लिहितो. फोर्ड यांच्या विमानातील बिघाड दुर्मीळ प्रकारचा होता. भाग तुटून इंजिन थांबण्यापेक्षा इंधन न पोहोचल्यामुळे किंवा कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरल्यामुळे थांबण्याची भीती रोजच्या उड्डाणात अधिक खरी असते, आणि ती बव्हंशी टाळता येते.

बर्फ म्हटले की लोकांना हिमालय आठवतो. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात हवेचा दाब पडतो व पेट्रोलची वाफ होते, आणि या दोहोंमुळे तापमान इतके उतरते की बाहेर उबदार हवा असतानाही थ्रॉटलच्या झडपेवर बर्फ धरतो. बाहेर २१ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमान आणि ८० टक्क्यांहून अधिक आर्द्रता ही सर्वांत धोक्याची स्थिती होय. मात्र ३८ अंशांपर्यंत आणि ५० टक्के आर्द्रतेतही ते घडू शकते. पुण्या-बारामतीकडच्या पावसाळी सकाळी २३-२४ अंश तापमान आणि भिजलेली हवा असते. उतरण्यासाठी थ्रॉटल मागे घेतला की झडप जवळजवळ बंद होते, आणि बर्फाला तेवढीच जागा पुरते.

स्थिर पात्यांच्या पंख्यात पहिली खूण म्हणजे फेरे हळूहळू कमी होणे. पुष्कळ जण थ्रॉटल थोडा पुढे सारून ते भरून काढतात आणि कारण तसेच राहते. कार्ब हीटची, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी, कळ ओढली की गरम हवेमुळे फेरे आणखी पडतात, मग वितळलेले पाणी इंजिनात जाते आणि ते खडखडू लागते. नवखा वैमानिक इथेच घाबरतो, आपण बिघडवले असे समजून कळ पुन्हा आत ढकलतो. ती पूर्ण बाहेर ठेवून धीर धरायचा असतो. बर्फ गेला की फेरे आधीपेक्षा वर येतात.

दुसरी गोष्ट इंधनाची. सकाळी पंखाखालच्या छिद्रातून पारदर्शक पेल्यात थोडे इंधन काढून पाहतात, ते काम घाईत करू नये. शंभर एलएल हे विमानांचे पेट्रोल फिकट निळे असते. पाणी जड असल्याने तळाशी बसते आणि दोहोंमध्ये काचेसारखी रेघ दिसते. पण पेल्यात आलेले सगळेच पाणी असेल तर रेघ दिसणारच नाही. म्हणून पेला पांढऱ्या पार्श्वभूमीवर धरून निळेपणा पाहावा आणि वासही घ्यावा. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या विमानात टाकीच्या झाकणाचे रबर चिरलेले असेल, तर ही एक मिनिटाची तपासणी सर्व काही ठरवते. टाकीत इंधन असूनही इंजिन उपाशी राहते, तेही ध्यानात घ्यावे. सेसना १७२ मध्ये दोन्ही टाक्या एकाच वेळी जोडता येतात, तर पायपर चेरोकीत डावी किंवा उजवी एकच निवडावी लागते. इंजिन थांबल्यावर टाकी बदलणे, पंप लावणे, मिक्श्चर (हवा-इंधनाचे प्रमाण) आणि कार्ब हीट पाहणे, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारे यंत्र) तपासणे हा क्रम उंची असेल तरच करायचा, आणि नाक खाली करून वेग साधल्यावरच.

रेवातट

पश्चिमवारा यांच्या १,००० फुटांच्या नियमाशी मी अंशतः असहमत आहे. मी अमेरिकेत प्रशिक्षक म्हणून काम करते. पुस्तिकेतील हिशेब बरोबर आहे, परंतु तो प्रमाणित वळणाचा आहे, आणि अशा प्रसंगी तसे वळण कोणी घेऊ नये. ४५ अंश कलून घेतलेल्या वळणात ६५ नॉट वेगाला त्रिज्या ४०० फुटांच्याही आत येते आणि २२५ अंश सुमारे १४ सेकंदांत पुरे होतात. उंची खूपच कमी खर्च होते. २०१८ च्या सूचनापत्रकात फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशननेही प्रशिक्षकांना सांगितले आहे की परतीचे वळण केव्हा आणि कसे सुरक्षित ठरते हे विद्यार्थ्यांना दाखवून शिकवावे. नुसते 'कधीच नको' म्हणून सोडले, तर ज्या दिवशी १,२०० फूट हाताशी असतील त्या दिवशी विद्यार्थी पहिल्यांदाच तो प्रयोग करेल.

त्याचबरोबर किंमतही सांगितली पाहिजे. ४५ अंशांच्या कलात स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो. १७२ एस मध्ये फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) न लावता तो ४८ वरून ५७ नॉटवर जातो, म्हणजे ६८ नॉटला हाताशी जेमतेम ११ नॉट उरतात. त्यात जमीन जवळ आलेली पाहून कोणी स्टिअरिंग मागे ओढले आणि वळण घट्ट करायला आतला रडर (शेपटीच्या सुकाणूचे पेडल) दाबला, तर विमान गिरकी घेते, आणि त्या उंचीवर त्यातून बाहेर येता येत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी ३,००० फुटांवर नेऊन, चढत असताना थ्रॉटल बंद करून, ४ सेकंद मोजून मग वळायला लावते आणि उंची किती गेली ते त्यांनाच लिहून ठेवायला सांगते. जो आकडा येतो त्याच्या दीडपट ही त्यांची मर्यादा. कोणाला ८०० येते, कोणाला १,२००. स्वतःचा आकडा ठाऊक नसलेल्याने समोरच उतरावे.

पश्चिमवारा

रेवातट, ही दुरुस्ती मला पूर्ण मान्य आहे. माझे १,००० फूट हे माझ्या विमानाचे आणि माझ्या हाताचे आहेत. ते सर्वांचे म्हणून मांडायला नको होते. मात्र एक गोष्ट आग्रहाने जोडतो. वळून परतताना वारा पाठीवर येतो आणि उतरण्याचा वेग वाढतो. शिवाय समोरून दुसरे विमान उडत असू शकते. उंची पुरली तरी या दोन्ही गोष्टी शिल्लक राहतात.

हडपसरकर

पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर ज्यांनी उड्डाण केले आहे त्यांना हा सर्व विषय थोडा वेगळा दिसेल. ग्लायडरचे प्रत्येक अवतरण इंजिनाविनाच असते, आणि दुसरी संधी नसते हे पहिल्या दिवसापासून गृहीत धरलेले असते. विंचने (जमिनीवरच्या केबल गुंडाळणाऱ्या यंत्राने) वर ओढले जात असताना केबल तुटणे ही इंजिन बंद पडण्याच्या अगदी जवळची स्थिती आहे: नाक उंच, जमीन जवळ, ओढ अचानक गेलेली. तिथे एकच गोष्ट मनावर बिंबवतात. आधी नाक खाली, वेग परत आल्याची खात्री, आणि मगच समोर की वळून हा विचार. नाक खाली करताच वेग लगेच येत नाही, दोन-तीन सेकंद जातात, आणि त्या सेकंदांत वळू नये. माझ्या मते इंजिनाच्या विमानाचा परवाना घेणाऱ्या प्रत्येकाने ग्लायडरची थोडी उड्डाणे करावीत. उतार नजरेने ओळखण्याची सवय तिथे लागते.

अवकाशवेडी

एक शंका. सिरस विमानांना अख्खे विमान खाली आणणारे पॅराशूट असते, आणि दोन इंजिनांची विमानेही आहेत. मग हा प्रश्न केवळ जुन्या विमानांपुरता राहत नाही का?

रेवातट

पॅराशूटचा उपयोग निर्विवाद आहे. जानेवारी २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाहून हवाईकडे निघालेल्या एका सिरस एसआर-२२ मध्ये जादा टाकीतील इंधन पुढे सरकेना, तेव्हा वैमानिकाने माउईपासून सुमारे अडीचशे मैलांवर, एका प्रवासी जहाजाच्या जवळ जाऊन पॅराशूट उघडले आणि तो रबरी तराफ्यावर सुखरूप उतरला. तटरक्षक दलाने त्याचे चित्रीकरणही केले आहे. परंतु पॅराशूट उघडायलाही उंची लागते, आणि त्याखाली विमान मिनिटाला सुमारे १,७०० फूट वेगाने खाली येते, म्हणजे आपटणे असतेच. उड्डाणानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत निर्णय पुन्हा वैमानिकाकडेच राहतो.

दोन इंजिनांचे म्हणाल, तर ४ मार्च २००७ रोजी जर्मनीतील श्पायर येथे डायमंड डीए-४२ च्या दोन्ही इंजिनांनी उड्डाणानंतर लगेच एकत्रच दगा दिला. बॅटरी उतरलेली असताना इंजिने बाहेरच्या विजेवर सुरू केली होती; चाके आत घेताना विजेचा दाब क्षणभर पडला आणि दोन्ही इंजिनांचे संगणक एकाच वेळी बंद झाले. विमान शेतात उतरले. दोन इंजिने एकाच कमकुवत दुव्यावर अवलंबून असतील, तर त्यांची संख्या मोजून काय उपयोग?

पश्चिमवारा

नीराकाठ, आपला दुसरा प्रश्न मी विसरलेलो नाही. जागा निश्चित झाल्यावर वैमानिक इंधनाची कळ, मॅग्नेटो आणि शेवटी मुख्य वीज बंद करतो. १७२ चे फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून ते आधी लावून घ्यावे लागतात. टेकण्यापूर्वी दारांच्या कड्या सोडून ठेवतात, कारण धडकेत चौकट वाकली तर दार उघडत नाही. त्यामुळे दार अर्धवट उघडे दिसले तर नवल मानू नये, तिकडूनच माणसे काढावीत.

गावकऱ्यांनी प्रथम ११२ वर फोन करावा आणि गर्दीला किमान शंभर पावले दूर थांबवावे. भरलेल्या १७२ च्या पंखांत सुमारे २०० लिटर पेट्रोल असते. बिडी, ट्रॅक्टर, मोटारसायकल काहीही जवळ नको. पंखा थांबलेला असला तरी त्याला हात लावू नये, कारण मॅग्नेटो चालू राहिले असतील तर पाते थोडे फिरवल्यानेही इंजिन उसळू शकते. आग नसेल आणि आतील माणूस बोलत असेल, तर मान व पाठ न हलवता त्याला तिथेच बसू द्यावे आणि वैद्यकीय मदतीची वाट पाहावी. आग किंवा पेट्रोलची धार दिसली तर मात्र पट्टा कापून लगेच बाहेर ओढावे, त्यासाठी विळा चालतो. विमानावर पॅराशूटची खूण असेल आणि ते उघडलेले नसेल, तर केबिनच्या मागच्या भागाकडे कोणी जाऊ नये, कारण पॅराशूट बाहेर फेकणारे रॉकेट तिथे अजून भरलेले असते.